मुंगीला वाचता येत नाही

४ फेब्रुवारी, बुधवार

आज घरभर चिठ्ठ्या डकवल्या. दार, खिडकी, घड्याळ, बादली, आरसा. ठळक अक्षरात, आमच्या मुंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर. माझ्या वर्गातली पोरं असेच शब्द ओळखायला शिकतात. मग ही का नाही? माझी सख्खी भाची! दादा-वहिनी परगावी नोकरीला, म्हणून ती माझ्याकडे. तिथल्या शाळेत पहिलीला घेण्याआधी चाचणी असते — सोपे शब्द वाचून दाखवायचे. ते जमलं की मुंगी त्यांच्याकडे राहायला जाणार. नाही जमलं तर वर्ष गेलं. चाचणी महिनाअखेरीला, आणि पोरगी अजून ‘घर’पाशीच अडकलेली.

६ फेब्रुवारी

वाचते! सगळ्या चिठ्ठ्या धडाधड वाचल्या! दारापाशी ‘दार’, बादलीपाशी ‘बादली’. मी तिला उचलूनच घेतलं. दादाला उद्या फोन करते.

७ फेब्रुवारी

बरं झालं फोन केला नाही. ती खेळायला गेली तेवढ्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आरशावर ‘बादली’. मुंगी आरशापुढे उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, “आरसा!” दारावरच्या ‘घड्याळ’लाही म्हणाली, “दार!” म्हणजे पोरगी वस्तू बघून बोलत होती. शब्द वाचायची गरजच मी ठेवली नव्हती. इतकी वर्षं पहिलीच्या वर्गावर काढली आणि चूक केली ती नवशिक्या बाईसारखी! सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या. भिंतीचा रंगही निघाला.

११ फेब्रुवारी

आता नुसत्या शब्दपट्ट्या. चित्र नाही, वस्तू नाही. ‘नळ’ दाखवला. म्हणाली, “पाणी.” पट्टी जुनीच; तिचा दुमडलेला कोपरा ओळखून अंदाज मारत असेल, पोरं मारतात तसा. ‘कमळ’ला म्हणाली “बेडूक”. ‘बदक’लाही “बेडूक”! हसावं की रडावं? मी रागावले. खूपच रागावले. ती रडली नाही. पट्ट्या गोळा केल्या, नीट रचून ठेवल्या आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

१२ फेब्रुवारी

आजही बेडूक.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. मागून वहिनी — “डॉक्टरांना दाखवा म्हणावं. डोक्यात काही कमी तर नाही ना?” मग दादा, “एक विचारू? तू मनापासून शिकवतेस ना? नाही, म्हणजे… ती गेली की तू एकटी पडशील.”

फोन आदळला मी.

ती जाऊ नये असं मला वाटत नाही? वाटतं! रोज वाटतं. तिचे चिमुकले बूट दारात नसले की हे घर मला खायला उठेल. पण म्हणून मी लेकराची वाट अडवीन होय? पोरीनं आईबापाजवळ वाढावं, एवढं मलाही कळतं. जीव तोडून शिकवतेय. आणि काही म्हणता काही होत नाहीये.

१९ फेब्रुवारी

शाळेत मोठ्या बाईंपाशी मन मोकळं केलं. “दिव्याखाली अंधार, दुसरं काय!” हसल्या. मग जरा मऊ आवाजात, “घरच्या पोरांना आपल्याला शिकवता येत नाही हो.” माझ्या वर्गातला झोपाळूसुद्धा आज ‘पाऊस’ वाचून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन मुंगीपुढे पट्टी धरायचं धाडस झालं नाही.

२१ फेब्रुवारी

हरले. दादाला सांगून टाकायला हवं, चाचणीला नेऊ नकोस. परक्या माणसांपुढे उगाच तिची शोभा. ‘ढ’ म्हणून एकदा शिक्का बसला की पुसता पुसत नाही. खरी ढ तर मी. आज पट्ट्या कपाटावर टाकून दिल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

डोळा आणि कान, दोन्ही एकदमच दुखायला लागलेत. दोन्हीचे थेंब आणले. बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या, म्हणून औषधवाल्याने त्यांवर पेनाने लिहून दिलं — त्याच्या त्या गिचमिड अक्षरात. दुपारी चष्मा काढला, मान मागे टाकली, बाटली डोळ्यावर धरली. मुंगी किंचाळली, “आत्या, नको! कानात लिहिलंय!”

मग दुसरी बाटली तिच्यापुढे धरली.

“डोळ्यात. दोन थेंब,” ती पुटपुटली.

वर्तमानपत्र धरलं. जोडाक्षरांना अडखळली, पण अख्खं वाक्य वाचलं!

“केव्हापासून येतंय तुला?”

“चिठ्ठ्या लावल्यास ना… त्याच्या आधीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“वाचता आलं की बाबा नेणार ना. चिठ्ठ्या चुकून वाचल्या, तर तू लगेच बाबाला फोन करते म्हणालीस.” आणि मग रडवेली होऊन, “मुद्दाम चुकणं खूप कठीण असतं गं आत्या. सारखं लक्ष ठेवावं लागतं.”

माझा राग, माझी बोलणी, सगळं ती मुकाट्यानं सोसत होती. आणि मी तिच्या डोक्याची काळजी करत होते! पोटाशी धरून खूप रडले. कशासाठी, ते मलाही कळलं नाही.

२४ फेब्रुवारी

दादाचा फोन. “काही वाचते का गं?” मुंगी समोर उभी, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून.

“नाही रे दादा,” मी म्हटलं. “माझ्याच्यानं नाही झालं.”