मुकादमाचे संगीत आणि घराची अर्धी वाटणी

मी, त्रिंबक रामकिसन जोगदंड, वय चव्वेचाळीस, धंदा मोबाइल व टीव्ही दुरुस्ती, राहणार चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, हा मजकूर पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन दसऱ्याआधी ठरले आहे. डॉक्टर ‘काही होत नाही’ असे दोनदा म्हणाले, म्हणून हे मृत्युपत्र करण्याची घाई केली. याआधी असा कोणताही कागद मी केलेला नाही.

कलम १. चौसाळ्यातील माझे राहते घर आणि पुढचे दुकान वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून एकट्या माझ्या नावे केले. “थोरल्याचा पाय अधू हाय, त्याला बसून खायाला कायतरी पायजे,” एवढेच कारण त्यांनी दिले. धाकटा भाऊ सोमेश्वर याने हसत संमतीची सही केली. मीही नको म्हणालो नाही. या घराचा व दुकानाचा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात सोमेश्वरला मिळावा आणि उरलेला अर्धा माझी पत्नी वर्षाराणी व मुलगी सायली यांना मिळावा. वर्षाराणीला आधी विचारले. ती म्हणाली, “मग इतके दिस कामून थांबलात?”

सोमेश्वरला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मला न्हाई पायजे. ठेव तुझं तुला.” आणि मोटारसायकल पुसायला निघून गेला. गाडी स्वच्छच होती.

कलम २. माझा जुना टीव्हीवरचा खेळ, त्याचे यंत्र, दोन रिमोट आणि निळी, पिवळी व काळी अशा तीन कॅसेटी हे सगळे सोमेश्वरचे. हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेबांनी ‘चल मालमत्ता’ असे दोन शब्दांत संपवा म्हटले होते, पण मला ते जमले नाही.

आमचे आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे जात. पोलिओमुळे मला फडात चालता येत नसे, म्हणून मी केसरबाई आत्याकडे राही. सोमेश्वर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पायाने धड, म्हणून तो बरोबर जाई. पाणी आण, मोळ्या बांध. त्याची शाळा अशीच सुटली आणि माझी दहावी झाली. मी एकटा रडतो म्हणून वडिलांनी बीडहून हा खेळ आणला होता. मी मागे राहिलो म्हणून मला खेळ मिळाला आणि तो गेला म्हणून त्याला कोयता मिळाला. यात माझा काय दोष, असे सगळे म्हणतात. मलाही कळते. तरी फडातून परतलेल्या भावाचे हात बघितले की माझ्या हातातला रिमोट मला चोरीचा वाटे, आणि आज दुकानात पंख्याखाली बसतानाही तसेच वाटते.

खेळ गोळीबाराचा नव्हता. चार गडी गावोगाव हिंडतात, लोकांशी बोलतात, हत्यारे घेतात, पाळीपाळीने लढतात आणि लढून लढून तगडे होतात. पडद्यावरची अक्षरे जपानी का कुठली होती, ती चौसाळ्यात कोणालाच येत नव्हती. प्रत्येक मुलखाच्या शेवटी एक दांडगा वाट अडवून उभा असे आणि तो दिसला की संगीत बदले. त्या दांडग्याला आम्ही मुकादम म्हणत असू. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाशिवाय ऊसतोडीच्या घरात वाट अडवणारा दुसरा कोण माहीत असणार? किल्ल्यात बसलेला सगळ्यांत शेवटचा, तो साखर कारखान्याचा असतो तसा चेअरमन.

कोणत्या मुकादमाचे संगीत भारी, यावर आम्ही भाऊ आजतागायत भांडतो. आता ती सगळी गाणी मोबाइलवर मिळतात. तो अजूनही ऊसतोडीला जातो, फडातून फोन करतो आणि भांडण पुढे सुरू होते. निळ्या कॅसेटमधला मुकादम पहिल्याच ठोक्याला हलगीसारखा अंगावर येतो. चांगला आहे, पण दम लवकर संपतो. माझे मत काळ्या कॅसेटमधल्या चेअरमनला. आधी पेटीसारखा एकच जाड सूर, मग त्यावर दुसरा, तिसरा, आणि चेअरमन अर्धा मेला की तीच चाल दुप्पट वेगाने. सोमेश्वरचे मत पिवळ्यातल्या दुसऱ्या मुकादमाला. ती चाल मला साधी वाटायची. एकदा मी विचारले, हिच्यात काय आहे एवढे? तो म्हणाला, “दादा, जिंकणाऱ्याला गाणं एकदाच ऐकू येतं. हरणाऱ्याला परत परत ऐकावं लागतं. हे गाणं मधी जरा थांबतं, दम खाऊ देतं. म्हणून कितीबी हरलं तरी बोचत न्हाई.” या वादात तो बरोबर आहे, हे मी इथे लेखी देतो. तोंडावर कधी देणार नाही.

आता खरी गोष्ट. चारपैकी एक गडी माझा होता आणि एक सोमेश्वरचा. सोमेश्वर फडावर गेला की मी त्याच्या गड्याला धर्मशाळेत झोपवून ठेवी आणि बाकीच्यांना घेऊन लढे. भाऊ नसताना त्याचा गडी वापरायचा नाही, असे मला वाटे. पण जो लढत नाही तो वाढत नाही, असा त्या खेळाचा कायदा. माझा गडी तगडा होत गेला आणि त्याचा तसाच राहिला. उन्हाळ्यात दोघे मिळून चेअरमनपुढे उभे राहिलो की पहिल्याच फटक्यात त्याचा गडी आडवा होई. मग तो रिमोट खाली ठेवून नुसता ऐकत बसे. चेअरमनला दोघांनी मिळूनच मारायचे असे ठरले होते, त्यामुळे तो अजून जिवंत आहे. सोमेश्वर कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मला बरे वाटले असते.

सूचना: साठवलेला खेळ काळ्या कॅसेटच्या आतल्या बॅटरीवर टिकून आहे. ती बदलताना नवी आधी जोडावी आणि मग जुनी काढावी. मध्ये वीज तुटली तर सगळे पुसले जाईल.

कलम ३. दुरुस्तीची हत्यारे सायलीची. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. लग्नानंतर सासरी नेऊ नकोस असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

कलम ४. बँडवाला उत्तरेश्वर याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. निळ्या मुकादमाची चाल त्याने माझ्या दुकानात ऐकली, वरातीत वाजवायला घेतली आणि स्वतःची म्हणून सांगतो. वर इतकी पळवतो की नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत मुकादम मेलेला असतो. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याच्या हिश्श्यावरून पुढे भांडण उभे राहते, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. म्हणूनच उत्तरेश्वरला साक्षीदार केले आहे. दुसरे साक्षीदार शेजारचे रामप्रसाद.

हा मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

मृत्युपत्र करणार: त्रिंबक रामकिसन जोगदंड (सही)

साक्षीदार १: उत्तरेश्वर, बँडवाला (सही. ‘चाल माझीच आहे’ असे त्याने शेजारी लिहिले आहे, ते खोटे आहे.)

साक्षीदार २: सोमेश्वर रामकिसन जोगदंड (सही)

टीप: वरील दुसरी सही चुकून झालेली नाही. रामप्रसाद चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात सोमेश्वरने पेन उचलला आणि त्यांच्या जागेवर सही ठोकली. वकीलसाहेब ओरडले, “अहो, तुम्हाला हिस्सा मिळतोय! कागद बिघडवलात!”

“ठाऊक हाय सायेब,” तो म्हणाला. “तुमी वाचलं तवा हितंच बसलतो मी.” मग माझ्याकडे वळला. “बिघडला न्हवं? मग आपरेशन करून माघारी ये अन् तुझ्या हातानं नीट कर. तवर मी बी टोळीसंग जात न्हाई. मुकादमाला कवाच सांगितलंय.”

वकीलसाहेब नवा कागद करायला तयार होते. मी नको म्हणालो. या वर्षी माझ्या दुखण्यापायी त्याचा हंगाम बुडणार, याची मला लाज वाटते. परत येईन आणि कागद नीट करीन. तोवर काळ्या कॅसेटमधल्या त्याच्या गड्याला धर्मशाळेतून उठवून लढायला न्यावे, हे काम सायलीला सांगितले आहे.

ठिकाण: बीड
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५