भूषणच्या नावाची ओळ

शुक्रवार, दि. १८ जुलै २०२५. सकाळी नळाला पाणी आले, ते भरून घेतले. दवाखान्यात जाऊन आलो. दुपारी हे लिहायला बसलो.

मी नवल भिका पाटील, वय सत्त्याहत्तर, पाटबंधारे खात्यातील निवृत्त आरेखक, राहणार देवपूर, धुळे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. घसा तेवढा गेला आहे. पत्नी लिलाबाई हयात नाही. एकुलता मुलगा भूषण कारगिलच्या युद्धात गेला. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. धरणगावच्या शेतातील माझा हिस्सा पुतण्या प्रेमराज यास द्यावा. तो ते मनापासून कसतो. त्याचे वडील, माझे थोरले बंधू उखर्डू, माझी सून सारिका हिच्या दुसऱ्या लग्नाला आले नाहीत. तो राग मी शेतावर काढत नाही.

२. सारिका ही भूषणची पत्नी. तो गेल्यावर लिलाबाईने आणि मी कन्यादान करून तिला सावद्याला दिले. भूषणची सैन्यातून आलेली काळी ट्रंक तिला द्यावी. तिच्या दुसऱ्या संसारात ही अडचण नको म्हणून मी गप्प होतो. तिचे यजमान रुपचंदराव स्वतःच म्हणाले, "नाना, आणा. आमच्या घरात जागा आहे." त्यांचे उपकार आहेत.

३. देवपूरचे राहते घर मी स्वतः बांधले. ते वाजवायच्या पेटीसह आमच्या समूहगान मंडळास द्यावे. लिलाबाईने इतर आयांना घेऊन हे मंडळ काढले. युद्धात गेलेल्या मुलांसाठी आम्ही दर २६ जुलैला एकच गाणे उभ्याने म्हणतो. मध्ये सगळे थांबतात. मग एकेका घरचे माणूस आपल्या मुलाचे नाव आणि गाव एका श्वासात गाते. घरचे कोणी उरले नाही तर ते नाव घेत नाहीत. मंजुळाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाचे नाव गळाले. त्या वर्षी गाणे तेवढे लवकर संपले. मला ते सहन झाले नाही.

भूषणची ओळ लिलाबाई म्हणत असे, तिच्यानंतर मी. माझा सूर कधीच बरा नव्हता.

४. ही ओळ माझ्यानंतर सारिकाने म्हणावी. घर देण्याची अट हीच.

वकीलसाहेब म्हणाले, "नाना, गाण्याचा हक्क इस्टेटीत बसत नाही."

"मग घराच्या अटीत बसवा," मी म्हणालो.

मंडळाच्या अध्यक्षा ज्योत्स्नाताईंनी अडचण सांगितली, की सारिका आता दुसऱ्या घरची. उखर्डूभाऊ तर सगळ्यांसमोर म्हणाले, "सून दी टाकी, आते गानं बी दी टाक!" लोक हसले. प्रेमराज म्हणाला, "काका, तुमचा आवाज मोबाईलात भरून ठेवू, दरवर्षी लावू." त्याने चांगल्या मनाने सुचवले. पण बाकीचे उभे राहून श्वास घेणार आणि भूषणचे नाव तेवढे यंत्रातून येणार, हे मला नको.

सारिकाला फोन केला. ओळ तिने म्हणावी असे सांगितले. ती म्हणाली, "नाना, लोके काय म्हनतीन?"

मी म्हणालो, "लोकेस्ले मी सांगस. तू मनी पोर शे."

माझी मुलगी आहेस म्हटल्यावर तिने फोनवरच ओळ म्हणून पाहिली. 'भूषण' म्हटले आणि पुढे जाता आले नाही. पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा देवपूरपर्यंत पोचली.

मंडळाच्या नियमात 'घरचे माणूस' असे शब्द आहेत. सारिका माझ्या घरचे माणूस आहे, हे मी या लेखाने जाहीर करतो. यावर कोणी वाद घालू नये. उखर्डूभाऊंनीही घालू नये. ते थोरले आहेत, मी त्यांच्या पाया पडून हे मागतो.

५. माझे दिवस साधे करावेत. माझ्यासाठी गाणे नको.

वाचून, समजून सही केली.
नवल भिका पाटील

आमच्यासमोर सही झाली:
१. रतिलाल पुंडलिक वाणी, शेजारी
२. डॉ. मृणाली बुद्धभूषण सोनवणे

स्थळ: देवपूर, धुळे

दोन्ही साक्षीदार चहा घेऊन गेले. मी कपबशा विसळून ओट्यावर पालथ्या घातल्या.