माठातला वाळा

अण्णा,

तुम्ही गेल्यानंतर बरीच वर्षं मी तुमच्याशी नुसती भांडले, तेही मनातल्या मनात, म्हणजे तुम्हाला उत्तर देता येणार नाही अशा सोयीच्या जागी. आज लिहायला बसले त्याला कारण अगदी किरकोळ आहे. आगाशीच्या बाजारात वाळ्याच्या जुड्या आल्या होत्या. बाईने एक जुडी हातात ठेवली, वास आला आणि मला तुमचे मोठे भाऊ आठवले. तुम्ही नाही आठवलात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

निर्मळची आपली बाग डोळ्यांसमोर आणायची म्हटलं की आधी विहीर येते आणि विहिरीशी उकिडवे बसलेले तुम्ही. सकाळी मोटर चालू करण्याआधी तुम्ही ओंजळभर पाणी तोंडात घेता, गालात खुळखुळवता, डोळे मिटता आणि मग केळीच्या बुंध्याशी थुंकता. आईच्या हातच्या आमटीला तुम्ही जन्मात कधी बरं म्हणाला नाहीत, पण विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायला लागलात की देवळातल्या कीर्तनकाराने तुमच्याकडून शिकून जावं. आपली वसई ही दुधाची वाटी आहे, तुम्ही म्हणायचात. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला नि दक्षिणेला खाडी, खाली सगळं खारं. त्यावर तुंगारेश्वराच्या डोंगरावरून वाहून आलेलं आणि बावखलांत, म्हणजे बागांमधल्या तळ्यांत, साठून हळूहळू जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी सायीसारखं तरंगतंय. साय बोटाने काढायची, पळी घालून ढवळायची नाही. हे सांगताना तुमचं बोट हवेत सायीवरून फिरायचं. मी लहान होते तेव्हा मला ते खरंच वाटायचं. मोठी झाल्यावर एका भूजलवाल्या साहेबांनी तेच फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलं, फक्त त्यांच्या साय काढण्यात मजा नव्हती.

आता हेही आठवा की पळी पहिल्यांदा तुम्हीच घातलीत. रहाट होता तोवर बैल दमायचा, बैल दमला की पाणी थांबायचं आणि विहीर पुन्हा भरायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वीज आली तेव्हा आपल्या आळीत पहिली मोटर तुमची. तुम्ही तिला हार घातलात, पेढे वाटलेत आणि बैल विकलात. मोटर दमत नाही याचं तुम्हाला केवढं कौतुक. मग शेजाऱ्यांनी मोटरी बसवल्या, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. जो तो आपल्या बांधाच्या आत कष्टाळू. जमिनीखाली बांध नसतात, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण डोकी सगळी जमिनीच्या वर होती.

मग माणसं आली. स्टेशनच्या बाजूला आज एक इमारत, उद्या तिची बहीण, परवा सगळं गोत. मुंबईत ज्यांना खोली परवडेना ते सगळे आपल्याकडे उतरले आणि त्यांना घर देणाऱ्यांनी घरात सगळं दिलं, नळसुद्धा दिला, फक्त नळात पाणी द्यायचं राहून गेलं. वैतरणा आणि तानसा डोंगरात अडवून ज्यांच्यासाठी मुंबईला नेल्या होत्या, तीच माणसं मुंबई सोडून त्या नद्यांच्या तोंडाशी येऊन हंडे घेऊन उभी राहिली. नदीत उरलं काय, तर भरतीचं पाणी आणि रेती काढणाऱ्या होड्या. नदीच्या तळाची रेती इमारतींना गेली आणि इमारतींची तहान भागवायला आपल्या विहिरींवर टँकर आले. एकेका बागेचं कुंपण मोडून टँकरला रस्ता निघाला. मोगऱ्यापेक्षा पाण्याला भाव होता आणि पाण्याला निंदणी लागत नव्हती. आळीतल्या लोकांनी पाणी विकलं, तुम्ही नाही विकलंत. हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की पुढे पुढे आळी तुम्हाला टँकरपेक्षा जास्त टाळायची.

याच सुमाराला मोठे काका आले. ते आगाशीला दुकान चालवायचे, बागेत त्यांचा निम्मा हिस्सा होता आणि एका बिल्डरने त्यांना गाठलं होतं. ओटीवर बसून ते म्हणाले, "तुझ्या बागेच्या उत्पन्नात तुझा संसार चालत नाही. उगाच कशाला धरून बसतोस?"

"विहीर गोडी आहे तोवर विषय काढायचा नाही, दादा," तुम्ही म्हणालात.

"बरं. आणि खारी झाली की?"

"त्या दिवशी तू म्हणशील तिथे सही करीन."

"मला कसं कळायचं? तू सांगणार आहेस होय?"

"अक्षय्य तृतीयेला तुझ्याकडे माठ येतोच ना? तुझी जीभ आहे ना जागेवर?"

आपल्या घरची ती रीतच होती. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने वडिलोपार्जित विहिरीच्या पाण्याचा नवा माठ थोरल्या भावाकडे पोचवायचा आणि त्याने तो उभ्याने पिऊन पाणी कसं आहे ते बोलायचं. दुसऱ्या घरांत माठात वाळ्याची जुडी सोडायचे, आपल्याकडे ते चालायचं नाही. ज्या बाईचं रूप बेताचं तिने पावडर लावावी, असं तुम्ही म्हणायचात, तेही आईसमोर. माठ घेऊन जायचं काम माझं. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते, तरी त्या दिवशी एसटीत मांडीवर माठ धरून बसायचे आणि कंडक्टर दरवर्षी विचारायचा, याचं अर्धं तिकीट काढू का.

पानवेल आधी गेली. मग केळीच्या पानांच्या कडा विस्तवाशी धरल्यासारख्या करपायला लागल्या. तुम्ही म्हणालात, खत उष्ण पडलं. नंतर म्हणालात, वारा. सकाळी तुम्ही ओंजळ तोंडात घेत होता, थुंकत होता, पण डोळे मिटेनासे झाले होते. नव्या इमारतीतली एक बाई तुमच्या परवानगीने रोज दोन हंडे भरून न्यायची. भली बाई होती, पोराला बरोबर आणायची. एके सकाळी ती चाचरत म्हणाली, "काका, राग नका मानू, पण पाणी दोन-तीन दिवस थोडं खारट लागतंय. मी म्हटलं, माझ्याच हंड्याला काहीतरी लागलंय."

"हंडा घासत जा," तुम्ही म्हणालात.

"घासला ना काका. चिंच लावून घासला."

"मग मुंबईचं पाणी प्या जाऊन. तिथे गोड मिळतं."

ती गेली ती पुन्हा आली नाही. त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. पाचूबंदरची मासळीवाली दारात टोपली उतरवून करपलेल्या केळींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अन्ना, आता केळी काडा नि बोंबील लावा. पानी त्याच्याच मापाचं झालंय." एरवी तुम्ही तिला सोडली नसती. त्या दिवशी मुकाट्याने मांदेली घेतलीत, मोजलीसुद्धा नाहीत.

आणि त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला मी पहाटे मागच्या दारी आले तर तुम्ही माठ भरत होता. विहिरीचंच पाणी. कुठून दुसरीकडून आणून भरायचं पाप तुम्ही केलं नाहीत, एवढं तुमच्या बाजूने लिहायला हवं. पाणी भरलंत आणि सदऱ्याच्या खिशातून वाळ्याची एक जुडी काढून आत सोडलीत. मग अजून एक. मी बघतेय हे तुम्हाला कळलं. तुम्ही म्हणालात, "उन्हाळा फार आहे यंदा." मी म्हटलं, "हो ना." आपल्या दोघांत यावर झालेलं संभाषण एवढंच.

मोठ्या काकांनी माठावरचं झाकण काढलं आणि थोडा वेळ आत बघत राहिले. "वाळा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी हौस. त्यांनी तांब्या बुडवला, उभ्याने सगळा प्याले, मिशी पुसली आणि म्हणाले, "गोड आहे. सांग त्याला."

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं तुम्हाला हायसं वाटेल, निदान पाठ तरी टेकाल. उलट तुमच्या चेहऱ्यावर तुच्छता आली. "दादाची जीभ मेली," तुम्ही म्हणालात. "दुकानात बसून बसून माणसाचं हेच होतं. बापाच्या विहिरीचं पाणी खारं का गोडं कळेना त्याला." त्यानंतर दर वर्षी वाळा जास्त, दर वर्षी काकांचं "गोड आहे" आणि दर वर्षी तुमचं जीभ मेल्याचं प्रवचन. लग्नाकार्यात त्यांच्या पंगतीला बसायचं तुम्ही सोडलंत. ज्याला चव नाही त्याच्या शेजारी काय जेवायचं, म्हणे. बाग मात्र राहिली. म्हणजे सातबाऱ्यावर राहिली. बाकी केळी दांडक्यासारख्या उभ्या होत्या, बावखलावर शेवाळ, आणि तुम्ही रोज सकाळी विहिरीशी उकिडवे.

मग पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही गेलात. कावीळ म्हणाले. वैतरणी तुम्ही ओलांडलीतही असाल. अलीकडची आमची वैतरणा तशीच आहे, भरतीला आत येते आणि उन्हाळ्यात परत जायचं विसरते.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला मी माठ भरला, वाळा सोडला आणि घेऊन गेले. का, ते विचारू नका, रीत माणसापेक्षा चिवट असते. मोठ्या काकांनी तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि ओटीवरून खाली अंगणात थुंकले.

"खारं आहे," ते म्हणाले.

मी माठावर झाकण ठेवलं.

"पहिल्या वाळ्यापासून खारं आहे गं. तुझा बाप माठात वाळा घालतो म्हणजे मला प्यायलासुद्धा नको, नुसतं बघूनच कळलं. एवढं मोडू द्यायचं का त्याला? मरेस्तोवर गोडं म्हणायचं ठरवलं होतं. मी आधी जाईन असं वाटलं होतं, तो गेला." मग ते आत निघून गेले. काकू ओटीवर तशीच बसून होती. ती म्हणाली, "डॉक्टरने यांना मीठ बंद केलंय, ठाऊक आहे ना तुला? प्रेशर. भाजीत चिमूटभर घातलं तर ताट सरकवतात. आणि तुमचा माठ आला की दोन दिवसांत रिकामा. मला एक भांडं घेऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, टाकायचं नाही, आमच्या बापाचं पाणी आहे."

बाग त्याच वर्षी गेली. सही काकांनी केली, मी केली, दोघांनीही कागद वाचला नाही. बावखल भरायला डंपर कुठून माती आणत होते देव जाणे, बहुतेक तुंगारेश्वराच्या डोंगराचीच असेल, पाण्यापाठोपाठ मातीही खाली आली. तिथे आता चार मजले आहेत. खाली पाटी आहे, तिच्यावर तुमच्या आवडत्या केळीचं नाव दिलंय. राहणारी माणसं चांगली आहेत, त्यांच्यावर मी कितीही तिरकं बोलले तरी. तहान लागलेल्या माणसाला तू कुठून आलास असं विचारायला आपण कोण, आपणच मोटर आधी लावली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुम्ही वाचून म्हणाला असतात, दादा खोटं बोलला, त्याला खरंच कळलं नव्हतं, मागाहून शहाणपण सांगतोय. आणि मग मला त्यांची बाजू घ्यावी लागली असती, आणि आपण पुन्हा भांडलो असतो.

एक सांगायचं राहिलं. माझ्या नळाला आता पाणी येतं, डोंगरापलीकडच्या कुठल्याशा नदीचं, कोणाच्या तरी विहिरीच्या वाट्याचं. परवा मी माठ आणला, ते पाणी भरलं, बाजारातली ती जुडी आत सोडली आणि घरात कोणी नाही असं बघून उभ्याने प्याले. पाण्याला औषधाचा वास येत होता. मी मोठ्याने म्हटलं, गोड आहे.