हँडल तुझ्याकडंच आहे

आष्टा

प्रिय गुंडा,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितोय. मी हरिबा. कोण ते कळल्यावर पत्र फाडू नकोस. गोदामाच्या त्या भिंतीपायी तुझी नोकरी गेली, तू मिरजेला निघून गेलास आणि सव्वीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. तरी आधी थोडं हसून घे.

परवा खंडेनवमीला कारखान्यानं मला मुद्दाम बोलावलं. साखरेच्या पोत्यांचे डबे ओढणारं आपलं जुनं विजेचं इंजिन भंगारात काढायच्या आधी एकदा पूजेला चालवायचं होतं. नव्या पोरांपैकी कुणी हात लावेना. म्हटलं, त्यात काय एवढं! ट्रॅक्टरच्या आठ बॅटऱ्या एकाला एक जोडल्या आणि सुतळीनं बांधल्या. ब्रेक गंजलेला, म्हणून चाकापुढं टाकायला दोन विटा जवळ ठेवल्या. इंजिन चालू-बंद करायचं हँडल तू जाताना घेऊन गेलेलास, म्हणून त्या जागी पाना अडकवला.

चाकाखालची लिंबं फुटेपर्यंत सरकवायचं, एवढंच काम. लिंबं फुटली, टाळ्या झाल्या आणि पाना निसटून खाली पडला. आता बंद कशानं करणार? झेंडूची कमान गळ्यात घेऊन इंजिन सुटलं. मॅनेजरसाहेब पेढ्याचं ताट टाकून पळाले, भटजी नारळासकट पोत्यांच्या थप्पीवर चढले. विटांचा भुगा झाला. शेवटी मी बॅटरीची तार हातानंच उपटली. उजवा हात चांगलाच पोळला. इंजिन थांबलं ते गोदामाच्या भिंतीपासून वीतभर अलीकडं. त्याच भिंतीपासून, गुंडा.

सव्वीस वर्षांपूर्वी इंजिन त्या भिंतीवर आदळलं, तेव्हा तू चहाला गेला होतास, नियमाप्रमाणे हँडल खिशात घालून. “हँडल माझ्या खिशात होतं, मग इंजिन मी कसं चालवीन?” असं तू ओरडून सांगत होतास. कुणी ऐकलं नाही. मी शेजारीच उभा होतो.

परवा हातावर पाणी ओतत असतानाच मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या दिवशीही पाना माझाच होता. एक डबा हलवायची घाई झाली होती मला, आणि नंतर नोकरीच्या भीतीनं जीभ उचलली नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं, सही करता येईना म्हणून मी डावा अंगठा उठवला. रंगूबाई घरी एवढंच म्हणाली, “आवं, हात पोळल्यावर तोंड उघडलं व्हय?”

इंजिन आता भंगारात जाणार नाही, फाटकाशी उभं करणार आहेत. पण हे पत्र हँडल मागायला लिहिलेलं नाही, माफी मागायला लिहिलंय. हँडल तुझंच. तूच घेऊन ये आणि सगळ्यांदेखत तूच बसव. मला दोन ठेवून द्यायच्या असतील तर त्याही दे. उजवा हात बांधलेलाच आहे, आडवा येणार नाही.

तू म्हणू देशील तर तुझाच,
हरिबा