पाहुणीच्या गळ्यात पडून

माह्या प्रेमळ मायले, याडीले,
गोव्याहून रंजिताची रामरामी. मी मजेत आहो, जेवण चांगलं भेटते. बाचा खोकला कसा आहे?

कोरोनाच्या अगोदर आमच्या हॉटेलात फॉरेनचे पाहुणे दोन दिवस राहून पळत. आता गर्दी नको म्हणतात, महिना-महिना राहतात, माह्यासंगं चुलीपाशी बसून भाकर थापतात. जर्मनीची एक आजी तर भाकर पलटवाले शिकली.

काल ती निघाली अन् म्या तिच्या गळ्यात पडून, मोठ्यानं रडत, आपल्या तांड्यावरचा ढावलो गायला. कोणी मेलं समजून मालक धावत आला!

मंग ध्यानात आलं, ढावलो तर सासरी जाणारी पोरगी गाते, मायबापाचं घर सोडताना. आजी तर आपल्या घरी चालली होती.

याडी, दिवाळीले येते. दोन दिवस नाही, महिनाभर.

तुही,
रंजिता