सरांच्या नावाचं लॉगिन

३ नोव्हें., सोम. नांदेड
साहेबांचा हुकूम. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांचे राउटर महिनाअखेर एका सर्व्हरखाली आणायचे. ज्यानं त्यानं आपल्या नावानं, आपल्या पासवर्डनं आत जायचं. आतापर्यंत आम्ही सगळे गायकवाड सरांच्याच नावानं शिरत होतो. दवाखान्यांची ही इंटरनेट लाईन त्यांनीच उभी केली, मलाही त्यांनीच शिकवलं. पोळ्याच्या सुमारास त्यांना लकवा मारला. औशाला घरी असतात. बोलणं गेलंय.

५ नोव्हें., बुध.
बाकीचे राउटर इथूनच बदलले. इस्लापूरच्या पुढच्या एका दवाखान्याचा राउटर उघडंना. त्याचा पासवर्ड सरांनी वेगळा ठेवलेला, कुणालाच माहीत नाही. तिथं जाऊन सगळं पुसायचं म्हणजे दिवसभर लाईन बंद. आणि बुधवारी गरोदर बायांना नांदेडचे डॉक्टर व्हिडिओवर तपासतात.

८ नोव्हें., शनि. औसा
सरांच्या घरी. काकू दारातच, "जयभीम, ये गं." सर खुर्चीत. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. पासवर्डचं विचारलं. "हाव… हाव…" एवढंच. लॅपटॉप पुढं केला. डाव्या हातानं एकेक अक्षर. चुकलं. परत. परत चुकलं. मग राउटरनं थोडा वेळ दारच बंद केलं. सरांच्या डोळ्यांत पाणी. मीच लॅपटॉप मिटला.
काकू म्हणल्या, "आठवतंय गं त्यांना. निघंनाय फक्त."
परतीच्या बसमध्ये उभीच.

१३ नोव्हें., गुरु.
काल तपासणी होऊन जाऊ दिली, आज जीपनं त्या दवाखान्यात गेले. राउटर पुसला, पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून यायचं तर मधे कुणाला वाचता येणार नाही अशा कुलूपबंद वाटेनंच. नाव-पासवर्ड सर्व्हरला विचारायचं. सर्व्हरच गाठता आला नाही तर अडीनडीला एक खातं राउटरमध्येच. तिथल्या राठोड सिस्टर मागं उभ्या. "काय करून राहिल्या मॅडम एवढं? गायकवाड सर आधी चहा घ्यायचे, मंग वायरला हात." चहा घेतला. नांदेडहून सहकाऱ्यानं लॉगिन करून बघितलं, झालं. पाठ दुखतेय. आनंद वगैरे काही नाही.

१७ नोव्हें., सोम.
राउटरच्या नोंदी चाळल्या. रोज सकाळी कुणीतरी सरांच्या नावानं आत यायला बघतंय. दोन-तीनदा नकार, मग शांत. इंटरनेटचा पत्ता औशाचा.
काकूंना फोन. "आंघोळ झाली की लॅपटॉप मागतेत. तू येऊन गेल्यापासून. डाव्या हातानं दाबतेत. तेवढा वेळ लई सावध असतेत बघ."
बरं म्हणून फोन ठेवला. सरांचं नाव मी गुरुवारीच काढून टाकलंय. त्यांना अगदी बरोबर आठवलं तरी…

१९ नोव्हें., बुध.
साहेबांनीही पाहिलं. "कोण ठोकून राहिलंय? बंद करा तो पत्ता." सांगितलं कोण ते. मग, "सर आमचेबी आहेत हो. पण रुग्णांची लाईन हाय. सोमवारपर्यंत निपटा."
सरांच्या नावाचं नवं खातं करता येईल. नुसतं बघायचं, काही बदलता येणार नाही. साहेब त्याला हो म्हणाले. पण पासवर्ड कोणता ठेवू? ते काय टाईप करतात ते राउटर लिहून ठेवत नाही. मी नवा दिला तर तो त्यांना आठवलेला नसणार, मी पढवलेला असणार.

२१ नोव्हें., शुक्र.
काकूंना फोनवर खरं सांगून टाकलं.
"म्हणजे बरोबर आलं तरी उघडणार न्हाई?"
"न्हाई, काकू."
"मला न्हाई सांगवणार बाई. तूच ये रविवारी."
आजही सकाळी तीन नकार. खातं करून ठेवलंय. पासवर्डची जागा रिकामी.

२३ नोव्हें., रवि. औशाच्या बसमध्ये
सरांना खरं सांगायचं की नवा पासवर्ड हातात द्यायचा, लातूर आलं तरी ठरलं नाही. दोन्ही पटतं, दोन्ही नको वाटतं. आत्ताच काकूंचा फोन आला. आज सरांनी लॅपटॉप मागितलाच नाही म्हणे.
"तू येणार म्हणलं, तर सकाळीच दाढी करून घेतली. हापिसचा शर्ट घालून बसलेत. कुठवर आलीस?"