अधांतरी आवळलेले बोल्ट

४ सप्टेंबर

श्यालकाचे आगमन! बेकतूर — आमच्या आसिलकानचा धाकटा बंधू, राजधानीतल्या एका बँकेचे भूषण — दिवंगत श्वशुरांच्या पांढऱ्या झिगुलीसह अंगणात अवतीर्ण झाला. अकरा वर्षे याच गाडीतून श्वशुरांना डोलोन घाटापार वाहिले ते आम्ही. वारसा मात्र चिरंजीवांस! आणि जावयाला चपानाचा मानाचा झगा पांघरून घोड्यावर बसवण्याचा जो कुलाचार, त्याचे तर सासरला वीस वर्षे विस्मरणच.

गाडीच्या चाकांच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश स्वहस्ते बदलून खालचा गंज काढण्याचा त्याचा संकल्प आहे. 'गाडीखाली उतरायचा खड्डा तुमचा, हात माझे, दाजी.' हात पाहिले. कणीक मळण्यासही अपात्र.

५ सप्टेंबर

जुने बुश निघाले. ते रबर नव्हे, चघळून थुंकलेले मांस. नवे बसले. मग या महापुरुषाने सारे बोल्ट करकचून आवळले — गाडी जॅकवर, चाके अधांतरी! गाडी चाकांवर उभी करावी, तिच्याच भाराखाली बोल्ट आवळावेत. एरवी रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. आमच्या नारिनमध्ये हे मेंढपाळही जाणतो.

त्याने खड्ड्यातून विचारले, 'बरोबर ना, दाजी?'

'अजून थोडे,' आम्ही वदलो.

६ सप्टेंबर

पाऊस. गाडीचे उदर ओले, आमचे चित्त प्रसन्न.

७ सप्टेंबर

गंजपर्व. तारेचा ब्रश याने असा चालवला की गंजाला गुदगुल्या व्हाव्यात. तो तळलेले बोरसोक खायला वर गेला, तेव्हा आम्ही खाली उतरलो. डाव्या मागच्या चाकापाशी, जिथे चाक पेलणारा आर्म गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला. बिस्किटात जावा तसा आरपार गेला.

परतल्यावर त्याने विचारले की, पत्रा वाळू द्यावा का? आम्ही डांबरी लेपाचा डबा त्याच्या हाती दिला. 'ओल्यावरच छान धरतो.' सायंकाळपर्यंत सारे काळेभोर, तुकतुकीत, शृंगारलेले शवच. गंजास एकांत लाभला, आता तो निर्वेध तप करील.

आसिलकान म्हणाली, इतक्या वर्षांनी तुम्ही माझ्या भावाला जवळ केलंत. तिचे डोळे पाणावले होते. आम्ही विनयाने मान लवविली.

९ सप्टेंबर

उद्या आमची पन्नाशी. मेंढा कापला. सासूबाईही पोचल्या. बेकतूर जाण्याचे नाव घेत नाही.

१० सप्टेंबर

भर पंगतीत सासूबाईंनी आमच्या खांद्यांवर चपान पांघरला. बेकतूरने तळहातावर किल्ली ठेवली. 'घोडा घ्या, दाजी. बाबा जाताना सांगून गेले होते. म्हणून तर सगळं स्वतःच्या हातानं केलं.'

घोड्यावर बसवलेल्याने नाकारणे म्हणजे मृताचा अपमान. सासूबाई म्हणाल्या, उद्या मला घाटापार तुम्हीच सोडा, ह्यांना सोडायचात तसं. पुढे त्या, मागे आसिलकान — ठरलेदेखील!

सारी पंगत आमच्याकडे पाहत होती. बेकतूर वाकून हळूच म्हणाला, 'खालचं काम बरोबर झालंय ना, दाजी?'

'सर्वोत्तम,' आम्ही म्हणालो.